अप्पांच्या मापाचा स्टार

यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यापासून भेळेच्या गाड्यापर्यंत एकच गाणं वाजत होतं. मंगळवार पेठेतल्या संगप्पा टेलरना, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या अप्पांना, ते पहिल्यांदा रिक्षात ऐकू आलं तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. गिटार किंचाळत होती, ढोल बडवल्यासारखा ड्रम वाजत होता आणि एक पोरगी खणखणीत सोलापुरी बोलीत गात होती:

मी स्टार हाय की रं, मी स्टार हाय की
आरशाम्होरं रोज मलाच सलाम ठोकतो की
आत पट्टा, वर बटण, पोट गेलं कुटं?
जांभळ्या कोटात माझ्यावानी दुसरं कोण हितं?

रिक्षावाला म्हणाला, "अप्पा, कान काय झाकताय? तुमच्याच गल्लीतली पोरगी हाय की! गिरणीवाल्या महिपतीची संस्कृती. पंधरा दिवसांत पन्नास लाख लोकांनी ऐकलंय." अप्पांनी कानांवरचे हात काढले ते गल्लीतल्या पोरीच्या कौतुकानं नव्हे. 'आत पट्टा' हे दोन शब्द त्यांना पुन्हा नीट ऐकायचे होते.

त्याचं कारण असं. गेली बारा वर्षं अप्पा एका खऱ्या स्टारचे कोट शिवत होते. जेऊरचा दिग्विजय सोलापुरात कॉलेजला असताना गॅदरिंगसाठी पहिला चमकीचा कोट शिवायला आला, तो त्यांच्याकडंच. पुढं पोरगा पुण्याला गेला, गाणी गाजली, टीव्हीवर आला, दाराशी बाउन्सर आले; पण कोट मात्र मंगळवार पेठेतलाच. जांभळा, टिकल्यांचा, लाल अस्तराचा. दिग्विजयला यायला सवड नसायची. पहिल्या वेळी माप घेतलं तेव्हा त्याचे आणि अप्पांचे आकडे तंतोतंत एकसारखे निघाले होते, तेव्हापासून दर कोटाला त्याचा निरोप यायचा, "अप्पा, माप तेच!" मग अप्पा वही न उघडता कोट बेतायचे आणि ट्रायल स्वतःच्याच अंगावर घ्यायचे. "माझ्या हाताला त्याचं माप पाठ हाय," असं ते ऐटीत सांगायचे. दोन वर्षांपूर्वी पोटावरचं बटण लागेना, तेव्हा त्यांनी शिवणी सैल केल्या आणि अस्तराच्या आत एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा बसवला. पट्ट्याचा आकडा ओढून अडकवला की पोट आत. स्टार माणूस सडपातळ दिसायला नको का?

हा पट्टा ठाऊक असलेली माणसं जगात मोजून दोन. अप्पा आणि दिग्विजय. अप्पांच्या बायको, महानंदाकाकू, दुकानात बसून काज-बटण करायच्या, टिकल्या लावायच्या, पण अस्तर अप्पा स्वतः लावायचे.

आणि अप्पांच्या दुकानाची एक रीत होती. बाकी दुकानांत मास्तर टेप धरून "छाती एवढी, कंबर तेवढी" असं ओरडतो आणि दुसरा लिहून घेतो. उभ्या गल्लीला गिऱ्हाइकाची कंबर कळते. अप्पांचे वडील गुरुसिद्धप्पा यांना ते अजिबात खपत नसे. माप तोंडानं बोलायचं नाही, आपणच बघायचं, आपणच लिहायचं, वही आपणच मिटायची. बापाच्या माघारी तीस वर्षं अप्पांनी ही रीत पाळली होती. कुणाचा खांदा उतरता, कुणाचा एक पाय आखूड, सगळं त्या वहीत गप्प बसलेलं. पेठेत अप्पांना मान होता तो शिलाईपेक्षा या गप्प बसण्याला.

दुसऱ्या दिवशी फोन आलाच. "अप्पा, सगळं पुणं मला विचारतंय, पट्टा दाखव म्हणून," दिग्विजय म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण त्याचा आवाज एकदम थंड होता. "जांभळा कोट कुणीबी बघंल. पण पट्टा? तो तुमाला आन् मला सोडून कुणाला म्हाईत होता? आन् गाणं तुमच्या दारासमोरच्या पोरीचं. फेब्रुवारीत सोलापुरात पार्क मैदानावर शो हाय माझा. त्याचा कोट मी पुण्यातच शिवून घेतो."

"लेकरा, मी कुणाला..." अप्पा म्हणेपर्यंत फोन बंद.

एक गिऱ्हाईक गेलं म्हणून अप्पा रडणारे नव्हते हो. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. पण ज्या पोराला त्यांनी पहिला कोट घातला, तो पोरगा आपल्याला तोंडाचा हलका समजतो, हे त्यांना जेवणाच्या घासागणिक टोचायला लागलं. आणि त्याच्याहून जास्त एक प्रश्न डोकं कुरतडायला लागला. संस्कृतीला हे कळलं कसं? तिला जाऊन विचारावं, तर पट्टा खरा आहे हे कबूल केल्यासारखं. मग अप्पांनी आपल्या परीनं तपास सुरू केला.

पहिला संशय घरात. "महानंदा, तू कुठं काही बोललीस का? कोटाच्या आतलं?"

काकूंची सुई जागच्या जागी थांबली. "एन्री," त्या कन्नडात उसळल्या, "अहो, मला विचारताय? तुमच्या बहिणीच्या ब्लाउजचं माप मी आजवर तिच्या नवऱ्याला सांगितलं न्हाय!" त्या दोन दिवस अप्पांशी बोलल्या नाहीत. दुसरा संशय इस्त्रीवाल्या श्रीमंतवर. तो म्हणाला, "अप्पा, टिकल्यांच्या कोटाला इस्त्री लावली तर टिकल्या वितळतील की. तुमी कधी दिलाय का मला त्यो कोट?" तेही खरंच होतं.

शेवटी अप्पांनी ठरवलं, गाणंच नीट ऐकायचं. मोबाइल मशिनीशेजारी ठेवून ते एकेक ओळ तपासायला लागले. 'दूध आणायला जातो तरी चार बाउन्सर फुडं, विमानात बसतो बघा, मन माझं भाकरीकडं.' अप्पांना हसू फुटलं, त्यांनी ते दाबलं. गाणं वाईट नव्हतं, हे त्यांना तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. चौथ्यांदा पायडलवरचा पाय आपोआप तालात पडायला लागला. पाचव्यांदा ते शेवटच्या कडव्यापाशी आले आणि पाय थांबला.

चष्म्यावर गॉगल घालतो, दिसत न्हाय काय
आतल्या खिशात बडीशेप, वरनं रॉक हाय

चष्म्यावर गॉगल? दिग्विजयला तर चष्माच नाही. आणि बडीशेप? तो पोरगा बडीशेपेच्या वासानंसुद्धा तोंड वाकडं करायचा. मग हा कोण स्टार, जो चष्मा लावतो, बडीशेप खातो आणि आरशासमोर स्वतःलाच सलाम ठोकतो?

अप्पांचा हात सहज सदऱ्याच्या खिशात गेला. बोटाला बडीशेपेची पुडी लागली. त्यांनी सावकाश नाकावरचा चष्मा काढला आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघितलं. आरशात त्यांच्या मागं दुकानाचं दार दिसत होतं, दारापलीकडं महिपतीची पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या वर एक उघडी खिडकी.

"अय्यो शिवने!" अप्पा म्हणाले.

आता सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी सहाला काकू भाकऱ्या थापायला घरी जायच्या. दुकानात कोट तयार असला की ट्रायल घ्यायची ती त्याच वेळी. कोट चढवायचा, श्वास धरायचा, आकडा ओढायचा, बटण लावायचं. इथपर्यंत कामच होतं. पण पुढं टेबलावरचा गॉगल चष्म्यावर चढायचा, हातात लाकडी फूटपट्टी माइक व्हायची, आणि अठ्ठावन्न वर्षांचे अप्पा आरशाला कडक सलाम ठोकून म्हणायचे, "हॅलो सोलापूर!" दहा मिनिटं. फार तर पंधरा. मग कोट उतरवून, घडी घालून, पुन्हा संगप्पा टेलर. हे काकूंनासुद्धा ठाऊक नव्हतं.

अप्पा गिरणीचा जिना चढले. पीठ उडत होतं, गिरणी घरघरत होती, आणि म्हणूनच वर तीन पोरं आणि संस्कृती खुशाल गिटार बडवत होती; गिरणी चालू असेपर्यंत कुणाला काही ऐकू जात नसे. बँडचं नावही 'गिरणी चालू' असंच होतं. अप्पांना दारात बघून संस्कृतीचा चेहरा पांढरा पडला. तो पिठानं नव्हता.

"अप्पा, माफ करा! तुमाला वाईट वाटलं असंल तर..."

"ते राहू दे. मला फकस्त एवढं सांग, पट्टा कसा कळला?"

"खिडकीतनं तुमच्या आरशात दिसतं की. बटण लावायच्या आधी तुमी आत काहीतरी ओढता, आन् पोट गायब होतं." ती खाली बघत म्हणाली, "आमाला स्टारवर गाणं करायचं हुतं, अप्पा. पण आमी कुटं जवळनं स्टार बघितलाय? रोज दिसायचे ते तुमीच. आमाला वाटलं, स्टार असाच असणार."

"तो कोट कुणाचा ते म्हाईत हुतं?"

"न्हाय. आमाला वाटलं, लग्नाच्या बँडवाल्यांचा."

अप्पांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खाली थोडं बरंही वाटलं. पन्नास लाख लोक ज्याच्यावर हसत होते तो ते होते, आणि त्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर कायमचं झाकलं असतं. पण मग दिग्विजयच्या लेखी ते चहाडखोरच राहिले असते. जिना उतरून त्यांनी त्याला निरोप पाठवला: "मी सांगितलं न्हाय, पण चूक माझीच हाय. एकदा दुकानात येऊन जा, कोट घेऊन. हे फोनवर दाखवता येत न्हाय."

शोच्या दिवशी दुपारी गल्लीत काळी गाडी शिरली. दोन बाउन्सर दारात उभे राहिले आणि दिग्विजय आत आला, हातात जांभळा कोट. "तुमचा कोट तुमाला परत द्यायला आलोय," तो म्हणाला. "पण काय दाखवणार हुता ते बघतो."

अप्पांनी काकूंकडं बघितलं. काकू टिकल्यांचा डबा धरून बसल्या होत्या. आता काय लपवायचं! अप्पांनी कोट चढवला, आकडा ओढला, बटण लावलं. चष्म्यावर गॉगल. खिशात बडीशेप. फूटपट्टी तोंडापाशी. आरशाला सलाम ठोकून ते ओरडले, "हॅलो सोलापूर!"

काकूंच्या हातातला डबा पडला आणि टिकल्या फरशीभर पसरल्या. एक बाउन्सर खुसुखुसु हसायला लागला. अप्पांनी गॉगल काढला. "त्या पोरीनं खिडकीतनं मला बघितलं. तुझ्यावर न्हाय, गाणं माझ्यावर हाय. तुझा कोट मी रोज मिरवला, ही चूक. तोंड मात्र कुठंच उघडलं न्हाय."

दिग्विजय आरशाकडं वळला. "मी स्टेजवर असाच सलाम करतो?"

"टीव्हीवर बघूनच शिकलो की."

आणि मग तो हसला, बारा वर्षांपूर्वीच्या कॉलेजातल्या पोरासारखा, पोट धरून. अप्पांच्या जिवात जीव आला. त्यांनी कोट उतरवला, सवयीनं पाठीची शिवण चाचपली, आणि त्यांची बोटं अडली. शिवणीच्या दोन्ही अंगांना बारीक भोकांच्या रांगा होत्या. वरपासून खालपर्यंत.

"हे काय?"

"काय न्हाय अप्पा. राहू द्या."

"घाल बघू अंगात."

दिग्विजयनं कोट घातला. पोटापाशी दोन पोरं मावतील एवढा तो ढगळ लोंबला. आता अप्पांच्या ध्यानात आलं. पोट दिग्विजयचं कधी सुटलंच नव्हतं. सुटलं होतं ते ट्रायल घेणाऱ्याचं.

"किती वर्सं झाली?"

"पाच-सहा. मागनं सेफ्टी पिना लावतो. स्टेजवर पुढनंच दिसतं की."

"आन् मला का न्हाई सांगितलंस रं?"

"तुमी सगळ्यांना सांगायचा, माझ्या हाताला माप पाठ हाय. ते कसं खोटं पाडू?" तो खाली बघत म्हणाला. "कुणाला कळू दिलं न्हाय, अप्पा. पिना मी खोलीचं दार लावून एकटाच लावतो."

अप्पांनी डोळे पुसले, गळ्यातला टेप काढला आणि बारा वर्षांनी दिग्विजयला हात बाजूला करून उभं केलं. शो सातला होता, शिवणी उसवून परत घालायला वेळ पुरेसा होता. काकू फरशीवरच्या टिकल्या वेचता वेचता सुई ओवायला लागल्या. अप्पांनी कंबरेला टेप लावला, आकडा बघितला, वहीत स्वतःच्या हातानं लिहिला आणि वही मिटली. तो किती होता ते दारातल्या बाउन्सरना कळलं नाही, काकूंना कळलं नाही, आणि तुम्हा-आम्हालाही कळायचं नाही.