सहीचं वाण

अन्याय माझ्या आईवर झाला. केव्हा, तर तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, लातूरला आमच्या दोन खोल्यांच्या घरात, धोंड्याच्या जेवणाची ताटं उचलायच्या आधी. अन्याय करणारा पाटावर बसला होता. साक्षीदार दोन : माझी थोरली बहीण आणि मी. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मला असंच लिहायची सवय आहे. सात वर्षं नांदेडला एका संघटनेची पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, शेवटच्या ओळीत मागणी, मधे राग. या वेळी मधलं जमत नाही, कारण राग येत नाही. म्हणून जे झालं तेवढं लिहिते.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. आमच्याकडे त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात आणि जावयाला वाण देतात, जमेल त्यानं चांदीचं. आई एका विनाअनुदानित कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परीक्षानळ्या धुते, ॲसिडच्या बाटल्या भरते. तिला पेन्शन नाही. वडील नाहीत. तरी तिनं चांदीच्या वाटीसाठी पैसे बाजूला काढले होते. दाजी, म्हणजे बहिणीचे मिस्टर, मुरुडला विम्याचं आणि म्युच्युअल फंडाचं ऑफिस चालवतात. वाटीचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"मामी, चांदी घ्यायचो न्हाई मी. फकस्त तुमची एक सही द्या."

बॅगेतून म्युच्युअल फंडाचा फॉर्म निघाला. पगारातून दर महिन्याला हप्ता जाईल, निवृत्तीची सोय होईल, म्हातारपणी कुणाफुडं हात पसरायचं काम न्हाई. आईच्या बोटांना तूप होतं. तिनं ते पदराला पुसलं आणि सही केली. मग रडली. बहिणीची मान एवढी ताठ मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

"काय पुढारीणबाई," दाजी मला म्हणाले, "आज कुणाचा मुर्दाबाद?"

"आज तुमचा झिंदाबाद," मी म्हणाले.

आणि मी ते छापलं. आमचं तेव्हा मानपानाच्या विरोधात काम चालू होतं. मथळा दिला, 'जावयाने चांदी नाकारली'. नाव घातलं नाही. दोन रिमं कागद लागला. नांदेडच्या बसस्टँडवर वाटलं, कंधारच्या बाजारात वाटलं, लातूरला क्लासच्या पोरांच्या हातात दिलं. दाजींनी एक प्रत लॅमिनेट करून ऑफिसात स्वतःच्या खुर्चीच्या वर लावली. मुरुडला गेले तेव्हा पाहिली. बरं वाटलं होतं.

यंदा उन्हाळा लागताना आईनं फंडाचं स्टेटमेंट माझ्या मोबाइलवर पाठवलं. "अक्षर लागत न्हाई गं माय, कागदावर आणून दे." आमची पत्रकं जिथं छापतात त्याच प्रेसमध्ये मी ते काढलं. प्रेसचे मालक म्हातारे आहेत, त्यांच्या वडिलांनी तिथंच खिळे जुळवले. मी त्यांना चाचा म्हणते. चाचा प्रूफ नेहमी खालून वर वाचतात. वरून वाचलं की डोळ्याला सगळं खरं वाटायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. आईचा कागद त्यांनी सवयीनं उचलला आणि खालून वाचायला लागले.

"बेटा, अम्मीनं रेग्युलर कशाला घेतलं?"

"म्हणजे?"

"फंडाच्या नावाच्या शेपटाला बघ. रेग्युलर न्हाईतर डायरेक्ट, एक शब्द असतोच. रेग्युलर म्हंजी मधल्या माणसाचा हिस्सा आत धरलेला. हरसाल. फंड चढो का पडो."

त्यांनी मोबाइलवर त्या फंडाचं पान काढलं. वर्षाचा खर्च, शंभराला दोन रुपयांच्या आसपास. मग स्वतःचं दाखवलं. इंडेक्स फंड, शेवटी डायरेक्ट, खर्च शंभराला वीस पैसे. हा खर्च हप्त्यावर नसतो, जमलेल्या सगळ्या रकमेवर असतो, हेही त्यांनी सांगितलं.

"तुमच्यात एवढा कमी कसा?"

"ह्यात कुणी हुशारी करत न्हाई म्हणून. बाजारातल्या मोठाल्या पन्नास कंपन्या, ज्या मापात हायेत त्या मापात घ्यायच्या. हुशार माणूस बसवला न्हाई, त्याचा पगार न्हाई. मधला न्हाई, त्याचा हिस्सा न्हाई. बाजार पडला तर हे बी पडतंय, ते आधीच सांगतो. समदं त्यातच टाकू नको म्हणावं, थोडं पोस्टात असू दे."

तेव्हा मला आठवलं. त्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'त्यांनी फक्त एक सही मागितली.' प्रूफवर चाचांनी त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं विचारलं होतं, 'कसली सही?' मी म्हणाले होते, "असू द्या चाचा, भावना पोचते." आता आईचा कागद वाचताना चाचांनी ती गोष्ट काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

पाण्याच्या बाटलीला कुणी दोन रुपये जास्त घेतले तर मी स्टँडवर गर्दी जमवते. इथं रागच आला नाही. मशीन दुसऱ्या कुणाच्या लग्नपत्रिका बाहेर टाकत होती, मी त्या बघत उभी राहिले.

लातूरला जाऊन आईला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही.

"त्यातलं त्याला मिळतंय?"

"हाव. दरसाल."

"वाटीपेक्षा जास्ती?"

"आतापर्यंतचा खर्च वाटीच्या जवळपास आलाय. रक्कम वाढंल तसा वाढंल. तुझी अजून आठ वर्षं नोकरी हाय."

तिनं तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "बंद केलं तर त्याला कळंल?"

"लगेच. त्याच्या मोबाइलवर दिसतं."

"मंग थोरलीला बोलतील तिकडं."

मी म्हणाले, अन्यायाशी तडजोड नाही. माझ्या तोंडून ते छापल्यासारखं बाहेर पडलं.

"हे तुझ्या संघटनेच्या पोरांफुडं म्हण," आई म्हणाली. "मला कुकर लावायचाय."

आठवडे गेले. ती विषय काढेना, मीही काढला नाही. यंदाचा अधिक महिना आला. एका संध्याकाळी कॉलेजातून सुटल्यावर ती एकटीच सराफात जाऊन आली. चांदी फार महाग झालीय, वाटी लहान मिळाली. ती डब्यात ठेवून तिनं मला फोन केला. "रविवारी धोंडे हायेत. आदल्या दिवशी ये. त्या चाचांचं काय ते मोबाइलवर करून दे." शनिवारी मी करून दिलं. नाव वाचताना तिनं बोट थेट शेपटावर ठेवलं. डायरेक्ट. मग वर्षाचा खर्च विचारला आणि तो दोनदा वाचून घेतला.

रविवारी दाजी जेवायला बसले. बॅगेत या वेळीही फॉर्म होता, हप्ता वाढवायचा. आईनं वाटी पुढं केली.

"मामी, परत कशाला? सही पुरे की."

"जावईबापू, वाटी घ्या. सही न्हाई." ती जमिनीकडं बघून बोलत होती. "पुढचा हप्ता मी इंडेक्स फंडात टाकायलेय. तुमच्याकडचं बी काढून घेणार. वर्षाच्या आतले हप्ते काढले तर दंड बसतो म्हणं, हळूहळू काढीन. तुमचा मान हा असा. सगळ्यांसमोर, एकदाच."

दाजींनी वाटी उलटी करून खालचा शिक्का बघितला. "मी वाईट केलं न्हाई, मामी. फंड चांगलाच हाय. मला किती मिळतंय, ते कुणी कधी इच्यारलंच न्हाई."

ते खरं होतं. त्यांनी एकही खोटा शब्द वापरला नव्हता, आणि मी दोन रिमं छापूनही विचारलं नव्हतं. बहीण पाणी आणायला म्हणून आत गेली आणि आतच थांबली. दुसरा धोंडा कुणी घेतला नाही.

बहीण आता फक्त आईला फोन करते. मी शेजारी असले की आवाज ओळखते आणि नंतर करते म्हणते. मुरुडच्या ऑफिसात पत्रक अजून असेल. ते काढा म्हणायला मला तोंड नाही, लिहिलं मीच.

मागणी एकच आहे, आणि ती तुमच्याकडं आहे. घरात कुणाचं निवृत्तीसाठी खातं असेल तर त्याचा कागद आज काढा. खालून वर वाचा. नावाच्या शेपटाला रेग्युलर आहे की डायरेक्ट आणि वर्षाचा खर्च किती, ते ज्याचे पैसे आहेत त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि ज्यानं सही घेतली तो कितीही जवळचा असो, त्याला तोंडावर विचारा, यातले तुम्हाला दरसाल किती? आधी विचारा. जेवायला मग बसा.