गोदूबाईची धुरी

पेणकरपाड्यात सुनेला जपणारी सासू दाखवा असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही सगळ्यांनी गोदूबाईकडे बोट दाखवलं असतं. तोंडाची फाटकी बाई. नवऱ्याला, बाबाजीला, भर रस्त्यात झापायची. पण सून शेवंती म्हणजे तिच्या गळ्यातला ताईत.

शेवंतीला लहानपणापासून दमा. अडुसष्ट साली तिला दिवस गेले, तशा शेजारच्या बाया सांगायला लागल्या की गोळ्या बंद कर, औषध गरम पडतं, पोर टिकत नाही. गोदूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. सुनेला घेऊन ती थेट भाईंदरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "गोळी अजिबात चुकवू नका. आई गुदमरली तर पोटातलं मूलही गुदमरतं. आणि धूर, धूळ, ओल यांपासून हिला लांब ठेवा."

झालं! चूल घरातून मागच्या अंगणात गेली. बाबाजीची विडी मिठागराच्या बांधावर गेली. सुके बोंबील भाजायचे तर शेजारी, म्हणजे माझ्या घरी! देवापुढचा धूपसुद्धा बंद झाला. बाबाजी कुरकुरला, तर म्हणाली, "देव थांबंल. हिचा दम थांबला तर?" गोळी ती स्वतःच्या हातानं द्यायची आणि शेवंतीनं गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. पोट वाढल्यावर शेवंतीला आडवं होववेना, तेव्हा गादीची वळकटी करून तिच्या पाठीशी लावायची. सगळ्या महिन्यांत पोरीला जोराची धाप लागली ती दोनदाच. मला गोदूबाईचं फार कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. गोदूबाईनं पाडाभर साखर वाटली. मग रीतीप्रमाणे बाळंतिणीची खोली बंद झाली. वारा लागू नये म्हणून दाराखिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. खाटेखाली शेगडी आली, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं पडली. आमच्या आयाआज्यांनी अशीच धुरी घेतली, मीही घेतली. पोर अंगावर पीत होती, औषध दुधात उतरेल, म्हणून गोळ्याही थांबल्या.

"आई, छाती भरतेय," शेवंती सासूला म्हणाली.

"वात हाय तो. धुरीनं निघंल," गोदूबाई म्हणाली आणि तिनं आणखी मूठभर ओवा टाकला.

शेवंती जितकी घुसमटली, तितकी धुरी वाढली. पाचवीच्या आदल्या दुपारी तिचा नवरा राघो धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. मी दाराशीच होते. दार उघडलं तसा धूर अंगावर आला, माझे डोळे चुरचुरले. शेवंती वळकटीला टेकून बसली होती, ओठ निळे पडलेले. सगळं संपलं होतं.

"ही शेगडी कुणी ठेवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," गोदूबाई रडत म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. गोळीवानी, एक बी येळ चुकवली न्हाय."

डॉक्टर तिच्या मांडीवरच्या तान्ह्या पोरीकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅग उचलली आणि ते निघून गेले.

मला मात्र गप्प बसवेना. बारावं उरकल्यावर मी तिला तोंडावर सांगितलं की त्या धुरानंच घात केला. ती चिडली नाही. उलट मलाच समजावायला लागली. "चुलीचा धूर येगळा, बाय. ह्यो औषिदाचा. माझं एकच चुकलं, धुरी एक दिस उशिरा लावली." मला इतका संताप आला, आणि तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे बघून तो कुणावर काढावा तेही कळेना.

पंच्याहत्तर साली एका सकाळी ती ओसरीवर सुपात ओवा निवडत बसलेली दिसली. घरात बाळंतीण कुणी नव्हती. शेजारी नात, आशा, भिंतीला टेकून खांदे वर उचलून श्वास घेत होती. छातीत आईसारखीच शिट्टी वाजत होती.

"अगं, डॉक्टरकडे ने तिला!" मी ओरडलेच.

"नेली व्हती. गोळ्या दिल्या. एक बी चुकवत न्हाय." गोदूबाईनं पदरानं नातीचं कपाळ पुसलं. "पन हिच्या आयशीच्या टायमाला उशीर झाला. हिला येळेवर देते."

मी तिच्या हातातलं सूप ओढलं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं आणि आशाला उचलून आत नेलं. दाराच्या फटींत चिंध्या आधीच कोंबलेल्या होत्या.