तिसऱ्या सेलचं माप

आमच्या घरात कागदाशी संबंध यायचा तो अंगठ्यापुरता. त्या घरातला मी, आणि स्वतःबद्दल पानं भरायला बसलोय. हा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावं. त्यातून जे सांगायचं आहे, ते काही मान वर करून सांगण्यासारखं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी संगमनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे भूगर्भशास्त्राचे सर विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करत. बोअर पाडणाऱ्या एका ठेकेदाराने आपला जुना ट्रेलर मोडीत काढला, तो सरांनी मिळवला. पत्र्याची खोलीच ती, दोन चाकांवर ठेवलेली. आत दोन बाकडी, एक स्टोव्ह, एक खिडकी. जीपच्या मागे जोडून गावोगाव न्यायची, तिथेच राहायचं आणि विहिरी मोजायच्या. सरांबरोबर एकाच विद्यार्थ्याला जागा होती.

दिवाळीच्या सुट्टीत ट्रेलर कर्जत तालुक्यात जाणार होता. मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव आहे. सरांच्या यादीत त्याचंही नाव होतं. ते वाचल्यापासून मी एकच चित्र बघत होतो. ट्रेलर आमच्या शाळेपुढे थांबलाय, लोक जमलेत, आणि दार उघडून मी खाली उतरतोय. आईवडिलांनी मला तसं उतरताना बघावं, एवढंच मला हवं होतं.

सरांनी माझ्या मित्राला निवडलं.

तो संगमनेरचाच. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मार्क माझ्यापेक्षा कमी, पण त्याचे हात चालायचे. ट्रेलरचं सगळं वायरिंग त्याने चार दुपारींत करून टाकलं. मी पुस्तकातून आकृती वाचून दाखवायचो आणि तो म्हणायचा, "शास्त्रज्ञ, ती आकृती राहू दे. पक्कड दे." चिडवण्यात त्याच्या वाईट काही नसायचं. मला मात्र त्याचा प्रत्येक शब्द लागायचा. त्याच्या हातातली पक्कडसुद्धा मला बघवत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी आली. त्याने तिच्यात ॲसिड भरलं, ती थोडा वेळ मुरू दिली आणि चार्जिंगला लावली. वायू निघून जावा म्हणून सहाही कप्प्यांची, म्हणजे सेलची, झाकणं उघडी ठेवली. दुपारी तपासायचं ठरलं. सरांनी कामं वाटून दिली. दिवे आणि पंखा लावून बॅटरी किती तग धरते, हे त्याने बघायचं. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची दाटी मोजायची काचेची नळी, माझ्याकडे.

दुपारी चार्जिंग काढलं, तेवढ्यात आमच्या विभागाचे शिपाईमामा तबक घेऊन आले. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा नियम. मायक्रोस्कोपलासुद्धा त्यांनी कुंकू लावलेलं होतं.

"मामा, नारळ दगडावर फोडा. नाहीतर बॅटरीवर फोडाल," मित्र म्हणाला.

"तू गप रे. तुज्या डोक्यावर फोडतो, ते जास्त कडक हाय."

मामांनी बॅटरीला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि फुलपात्रातलं पाणी आंब्याच्या पानाने शिंपडलं. नारळ फुटला. आम्ही खोबरं खाल्लं. मित्राने लगेच दिवे लावले, पंखा सुरू केला. मी बॅटरीपाशी बसून एकेका सेलमधलं ॲसिड नळीत ओढून माप लिहू लागलो. पहिला बाराशे पन्नास. दुसराही तेवढाच. तिसरा मात्र पातळ, अकराशे ऐंशी. पुढचे तिन्ही पुन्हा बाराशे पन्नास.

तिसरा सेल कच्चा आहे, असं मला वाटलं. असा सेल असेल तर बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते, हे मी वाचलं होतं.

तासाभराने सर आले. दिवे लख्ख होते. पंखा फिरत होता. मित्र बाकड्यावर पाय पसरून बसला होता, जणू ते त्याचं घर.

"काय रे, सगळे सेल बघितलेस ना?" सरांनी मला विचारलं.

"बघितले, सर."

"ठीक आहेत?"

मी मित्राकडे पाहिलं. आमच्या शाळेपुढे हाच उतरणार होता.

"ठीक आहेत, सर."

वहीतलं ते पान मी फाडून खिशात घातलं. आमच्या गावात पोचल्यावर ट्रेलरमध्ये अंधार व्हावा, लोकांदेखत सरांनी त्याला बोलावं, एवढीच त्या वेळी माझी इच्छा होती. लिहायला लाज वाटते, पण होती.

दुसऱ्या दिवशी सर आणि तो गेले. मी दिवाळीला घरी गेलो नाही. प्रॅक्टिकलचं निमित्त सांगून होस्टेलवर राहिलो. त्याला त्या दारातून उतरताना बघायची माझी तयारी नव्हती.

सुट्टीत विभागात मी आणि मामाच. एका दुपारी ते टेबलावर पाणी शिंपडून पुसत होते. ते बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झाकणं उघडी होती. पानावरचं पाणी तिसऱ्या सेलमध्ये गेलं असेल. पाणी हलकं, ते वर राहिलं असेल आणि मी नळीत वरचंच ओढलं असेल. मग सेल चांगलाही असेल. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं असतं तर कळलं असतं. पण मला पुन्हा मोजायचंच नव्हतं. हवं ते माप मिळालं होतं.

"मामा, पूजेचं पाणी बॅटरीच्या आत गेलं होतं का?"

त्यांचा हात थांबला. "का रं? माज्या हातनं बिघाडली का सायबांची बॅटरी?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

खरं काय ते मला तरी कुठे माहीत होतं? तेव्हापासून मी रोज टपालाची वाट बघू लागलो. बॅटरी बसली, अशी बातमी यावी असं अजूनही वाटायचं आणि येऊ नये असंही वाटायचं. टपाल काही आलं नाही.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी वडील आले. नगरला एस.टी. बदलून, फराळाचं बोचकं काखेत धरून. खोलीत येऊन कॉटच्या कडेला टेकले.

"आला न्हाईस दिवाळीला."

"अभ्यास होता."

"व्हय, तुजा मैतर म्हनला."

"घरी आला होता?"

"आला म्हंजे? चार दिस गाडी शाळंम्होरं हुती. तुज्या आईनं रोज जेवू घातलं त्याला. लई गुनी पोरगं."

मी बोचक्याची गाठ सोडत राहिलो. मग विचारलं, "लाईट लागत होती का? गाडीतली?"

"झ्याक! चारी दिस. सांज झाली की पोरं खिडकीला लटकायची. त्या उजेडात सायबांनी समद्या हिरींचा नकाशा काढला. तुजा मैतर समद्यास्नी सांगायचा, ही बॅटरी ह्यांच्या पोरानं तपासून दिलीया. मानसं मला इचारायची, मग तुमचं पोरगं का न्हाई आलं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? अभ्यास हाय म्हनलं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सायेब उनाळ्यात परत येनार हायत. मी इचारलं, आमच्या पोराला आनता का संगट? तर तुज्या मैतराकडं बोट करून म्हनले, न्हाई, ह्योच पोरगा येनार."