कावळा शिवला तेव्हा

पत्नीचे दिवस करून मी पुन्हा वर्गावर गेलो. करुण रस शिकवायचा होता. फळ्यावर व्याख्या लिहिली आणि पुढचं काही सुचेना. खिडकीत कावळा बसला होता. त्याच्याकडे पाहत पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, माझ्या बाबांच्या पिंडाला कावळा शिवतच नव्हता. शेवटी काकांनी हात जोडले. 'दादा, पोरीचं कॉलेज बंद करणार नाही,' म्हणाले. तेव्हा शिवला."

"म्हणूनच ही एकही तास बुडवत नाही, सर!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. तीही हसली.

व्याख्येत शोक होता. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द त्यात कुठेच नव्हता.

माझ्या पत्नीच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. समाधानानं गेली, असं सगळे म्हणाले. तिला काही कबूल करायला मला मिळालंच नाही.