एक्कावन्न रुपयांचा नवरदेव

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळचे अकरा. ठिकाण आमची बैठकीची खोली. रक्कम तीन लाख बाट, म्हणजे थायलंडचे रुपये. हजर: मुलीची आई, मुलीची मावशी, मी, माझी बायको आणि नवरदेव. मुलगी थायलंडची, नवरदेव हॉलंडचे आणि नवरदेवाच्या बाजूने बोलणी करायला बसलेला मी नागपूरचा. नवरदेव आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांना सगळी गल्ली साहेब म्हणे. साहेबांइतका सभ्य माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि त्यांच्या सभ्यतेने मला जितका ताप दिला तितका कोणत्याही उद्धट माणसाने दिलेला नाही.

साहेब हिंगण्याच्या एका कारखान्यात परदेशी मशिनी बसवायला आले होते. त्याआधी नऊ वर्षं थायलंडमध्ये होते आणि तिथली भाषा अस्खलित बोलत. पण भाषेबरोबर तिथल्या रीतीही त्यांच्या अंगात अशा मुरल्या होत्या की देश बदलला तरी निघेनात. तिथे म्हणे वडीलधाऱ्यांपेक्षा आपलं डोकं उंच ठेवू नये. साहेब सहा फूट चार इंच, माझी बायको चार फूट अकरा. तिच्याशी बोलायचं म्हणजे साहेब आधी पायरी शोधत, पायरी नसली तर पाट मागत. ती ओट्याशी उभी आणि साहेब खाली पाटावर, गुडघे कानाशी, असे बसून त्यांनी तिच्याकडून मराठी शिकून घेतली. त्यामुळे हॉलंडचा माणूस असूनही ते थेट माझ्या सासुरवाडीसारखे बोलत. माझ्या पुतण्याच्या लग्नात पंगत बसली होती. समोरून जाताना वाकून जायचं हा त्यांचा नियम, आणि पंगतीतला प्रत्येक जण त्यांच्या हिशेबाने वडीलधारा. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साहेब कमरेत वाकून गेले. शेवटच्या पाटावरचे काका कळवळून म्हणाले, "अरे बाप्पा, एवढ्या कमी वयात कंबर गेली गा याची! महानारायण तेल लाव म्हणा."

दुसरी रीत वय विचारण्याची. समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय थाई माणसाला म्हणे वाक्यच सुरू करता येत नाही. मोठा असेल तर दादा-ताई, लहान असेल तर धाकटा. हे मला पटलं, आपलंही तसंच आहे. पण आपण अंदाजाने चालवतो, साहेब विचारून घेत. मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी चौपन्न सांगितले, ते त्रेचाळीस निघाले, मी दादा झालो. समोरच्या बाई मात्र कित्येक वर्षं पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. त्यांना साहेबांनी फाटकात, त्यांच्या सुनेसमोर, हात जोडून विचारलं. बाई म्हणाल्या, "तुले काहून पाहिजे गा माहं वय? पेन्शन सुरू करून राहिला का?" साहेब हसले. खजील झाले की ते असेच हसत, राग आला तरी तेवढंच, आणि नळवाल्याने दुप्पट पैसे घेतले तेव्हा तर सर्वांत गोड हसले. मग नळवाल्याशी भांडायला मी खाली उतरलो. साहेब कोणाला नाही म्हणत नसत. ते काम हळूहळू माझ्याकडे आलं.

असल्या माणसाचं लग्न अडलं होतं ते एका सरळ वाक्यामुळे. हॉलंडमध्ये म्हणे सगळे तोंडावर बोलतात, आणि तेव्हा साहेब नुकतेच थाई बोलायला शिकले होते. बँकॉकमधली एक नर्स त्यांना आवडली, तिला ते आवडले. साहेब तिच्या आईकडे गेले आणि शुद्ध थाईत, उच्चारात एकही चूक न करता म्हणाले, "मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे. किती द्यावे लागतील?" कारण तिथे हुंडा उलटा असतो, मुलाने मुलीच्या आईला द्यायचा. आईने हसून पपई कापून दिली, पंखा फार जोरात आहे का असं विचारलं, आणि त्यानंतर आठ वर्षं तो विषय निघाला नाही. मुलगी आईच्या होकाराशिवाय हलायला तयार नव्हती. "दादा," साहेब मला म्हणाले, "मले शब्द सगळे येत होते. काय बोलू नये, ते येत नव्हतं."

आता मुलीची आई दसऱ्याला बौद्ध यात्रेकरूंच्या बसमधून नागपूरला येणार होती, आणि मुलीने मावशीकडून आकडा काढून ठेवला होता: तीन लाख बाट. पण नवरदेवाने स्वतः बोलायचं नसतं, वडीलधारा माणूस मध्ये लागतो. साहेबांना आईवडील नव्हते, भाऊबहीण नव्हते. एका संध्याकाळी ते वरून खाली आले, जमिनीवर बसले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही बसता का माह्या बाजूने?"

मी स्वतःच्या लग्नात सासऱ्यांकडून एक रुपया घेतला नव्हता, हे मी त्यांना ऐकवलं. ही बाई मुलीचे पैसे कसे घेते? साहेब म्हणाले, तिकडे याला आईच्या दुधाचे पैसे म्हणतात.

"त्याचा भाव कसा लावायचा?" मी विचारलं.

"म्हणून तर भाव बोलायचा नसते, दादा."

"तुम्ही तीन लाख देणार आहात ना? मग द्या की. मी कशाला?"

"चटकन दिले तर त्यांना वाटते मुलगी विकत घेतली. घासाघीस केली तर वाटते मुलगी स्वस्त समजली."

आठवडाभर गच्चीवर माझी शिकवणी झाली. आकडा आपण काढायचा नाही, नाही म्हणायचं नाही, तब्येतीची चौकशी करायची, आणि हसायचं. तालमीत बायको मुलीची आई झाली. ती म्हणाली, "पोट्टी नर्स आहे माही. पन्नास लाखाच्या खाली बोलूच नका." मी म्हणालो, "डोकं फिरलं का तुझं?" साहेब घाबरून म्हणाले, "दादा, हसा. तुमचा चेहरा वसुलीले आल्यासारखा दिसते."

तर त्या रविवारी आई आल्या. बारीक, ताठ, पांढरा सदरा. बायकोने सांबारवडी केली होती, म्हणजे ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याच्या सारणाची तिखट वडी. साहेबांनी तिखट कमी टाकायला दहादा बजावलं होतं, बायकोने ऐकलं नव्हतं. आईंनी एक खाल्ली, वडी उघडून आतला सांबार पाहिला, आणि आणखी तीन खाल्ल्या. मी ऊन फार आहे म्हणालो. साहेबांनी ते थाईत सांगितलं, कारण दोन्ही भाषा येणारा खोलीत दुसरा कोणी नव्हता. ज्याने बोलायचं नव्हतं तोच सगळं बोलत होता. मग आईंनी स्वतःचा गुडघा दाखवला, बायकोने तिचा दाखवला, आणि दुभाष्याशिवाय अर्धा तास गुडघे चालले.

बारा वाजून गेले. साडेबाराला त्यांना न्यायला गाडी येणार होती. तीन लाखांचा ल निघाला नव्हता. माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "साहेब, सांगा त्यांना. माणूस खरा आहे, अडीच वर्षांत भाडं एक दिवस उशिरा नाही. तीन लाख तो देईल. पण मुलगी देणार की नाही, ते आज कळलं पाहिजे."

साहेबांचा चेहरा उतरला. हात जोडून, खाली बघत ते बोलू लागले, आणि माझ्या एवढ्याशा बोलण्याला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागला. आईंनी ऐकून घेतलं आणि एकच लहान प्रश्न विचारला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून राहिल्या जी त्या?" बायकोने विचारलं.

"विचारतात," साहेब अडखळले, "दादा माहे कोण लागतात."

भाडेकरारात मी घरमालक होतो. तोही खराच कागद होता. मी म्हणालो, "मोठा भाऊ आहे, सांग."

त्याने सांगितलं. आई हसल्या, अगदी गोड, आणि जायला उठल्या. तो तसाच बसून राहिला. पपईच्या दिवशीचं हसू त्याने ओळखलं होतं.

पण आमच्या घरातून बाईमाणूस कुंकवाशिवाय जात नाही. बायको आतून धावत आली. दिवाळीसाठी आणलेलं उमरेडच्या मागावरचं करवतीकाठी लुगडं, खण, तांदूळ, नारळ आणि वर पन्नासची नोट न् एक रुपया. तिने आईंची ओटी भरली आणि वाकून पाया पडली. आईंनी सगळं दोन्ही हातांनी घेतलं. लुगड्याचा काठ बोटांनी तपासला. मग पैशांकडे पाहून काही विचारलं. नवरदेव उठून गुडघ्यांवर आला. "वहिनी, विचारतात, हे मुलाकडून आहे का?"

"मंग?" बायको म्हणाली. "मुलाकडूनच. आम्ही काय दुसऱ्याकडचे आहो का?"

आईंनी नोट उलटीसुलटी पाहिली, रुपयासकट पाकिटात ठेवली, आणि बहिणीला काही म्हणाल्या. दोघी मोठ्याने हसल्या. हे हसू वेगळं होतं, माझ्यासारख्यालाही कळलं. नवरदेव तिथेच जमिनीवर माथा टेकून पडला, सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोक्याला तिकडे परका माणूस हात लावत नाही.

ओटी म्हणजे काय हे बायकोने त्यांना सांगितलं नाही. तो हुंडा समजून त्यांनी घेतली की दुसरं काही समजून, ते मला अजून ठाऊक नाही. आणि उत्तर देताना बायकोला सगळं उमगलं होतं का, असं विचारलं तर ती नुसती हसते. ही सवय तिला त्याच्यामुळेच लागली.

फेब्रुवारीत तो लग्न करायला बँकॉकला गेला आणि तिकडेच राहिला. वरची खोली आता एका बँकवाल्याकडे आहे. तो मला काका म्हणतो, माझं वय विचारत नाही, आणि नळवाल्याशी स्वतः भांडतो. मला खाली उतरावं लागत नाही. रविवारी बँकॉकहून फोन येतो, "दादा, जेवण झालं का?" तिकडेही म्हणे माणसं भेटली की हेच विचारतात.

जायच्या आदल्या दिवशी तो दोन्ही हातांत पाकीट धरून आला होता. आत एक्कावन्न रुपये, ओटीतल्या पैशांची परतफेड. मी पैशापैशाचा हिशेब ठेवतो हे त्याला माहीत होतं. मी घेतले नाहीत. तीन लाख बाट आईंच्या सांगण्यावरून मुलीच्या नावावर जमा झाले. आईंना मिळाले ते एक्कावन्न रुपये, एक लुगडं, खण आणि नारळ. दिले मुलाच्या घरच्यांनी.