रुईच्या माळेखालचा बिल्ला

सर्व भाविक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मारुतीच्या पायाशी ठेवलेल्या वस्तू परत उचलताना मोजून घ्याव्यात. ही सूचना मी कोणत्याही अधिकाराने करीत नाही. दोन वस्तू ठेवून एकच उचलून आलेला मनुष्य म्हणून करतो. त्या दिवशी जे घडले त्याला चमत्कार म्हणायला मी आजही कचरतो, कारण चमत्काराच्या आड सहज लपेल अशी एक चूक त्यात आहे आणि ती माझी आहे.

माझे काम सांगू लागलो की लोक हातातला चहा खाली ठेवतात. लोखंडी पाइप जोडले की वेल्डिंगच्या आत कुठे पोकळी राहिली का ते पाहावे लागते. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तसा आम्ही त्या जोडाचा काढतो. फरक इतकाच की आमची किरणे विजेवर चालत नाहीत. ती एका बारीकशा धातूच्या गोळीतून येतात आणि त्या गोळीला बटण नसते, ती कधीच बंद होत नाही. ती एका जड पेटीत राहते. लांबून हँडल फिरवले की नळीतून जोडापर्यंत जाते, उलटे फिरवले की पेटीत परत येते. परत आली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. ते सांगते हातातले मीटर. आणि आपल्या अंगाला किती किरणे लागली याचा हिशेब राहतो छातीवरच्या बिल्ल्यात, जो पुढे प्रयोगशाळेत तपासतात. वीस-बावीस वर्षे मी हे काम करतो आहे. इतक्या वर्षांत माणूस एक तर फार सावध होतो, नाही तर फार गप्पिष्ट. माझे काय झाले ते आपण ओळखले असेलच.

त्या शनिवारी मोताळा तालुक्यात पाण्याच्या पाइपलाइनवर काम होते. सोबत मदतनीस म्हणून दिनकर, माझा मेव्हणा, चाळिशीचा, शांत माणूस. या कामात त्याला मीच आणला. निघताना माझ्या पत्नीने, सुनंदाने, मला दारात अडवून सांगितले होते, "मले एकच भाऊ हाये. जसा नेता तसा वापस आणा." मी नाटकातल्या राजासारखा हात वर करून अभय दिले होते.

शेताच्या कडेला मारुतीचे छोटेसे देऊळ होते. शनिवारी काम सुरू करण्याआधी सगळ्यांचे बिल्ले देवाच्या पायाशी ठेवायचे आणि मग छातीवर लावायचे, ही माझी जुनी रीत. मी दोन्ही बिल्ले ठेवले, तेल वाहिले, रुईच्या पानांची माळ घातली, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर एकच बिल्ला दिसला. तो माझा होता, तो मी लावला. दुसरा दिनकरने घेतला असेल असे धरून चाललो. दिनकरने धरले की तो माझ्याकडे आहे. माळेची पाने बिल्ल्यावर ओघळली होती, हे फक्त मारुतीला दिसत होते.

सहा जोड व्यवस्थित झाले. सातव्याला मी हँडल उलटे फिरवू लागलो आणि त्याच वेळी दिनकरला एका लग्नातल्या रुसलेल्या व्याह्याची गोष्ट सांगू लागलो. गोष्टीत आवाज काढावे लागतात, हातवारे करावे लागतात. हँडल अडले, मला वाटले गोळी पेटीत बसली. फेरे मोजायचे राहिले होते. मीटरचे सेल मंद होत चालले होते म्हणून ते मी बंद करून खांद्याला अडकवले होते, लावायचे मनातच आले नाही. "जा, जोडावरची फिल्म काढून आण," मी म्हणालो आणि पाठ करून फिल्मच्या डब्याचे झाकण लावू लागलो.

तेवढ्यात दोरीच्या पलीकडून हाक आली. आम्ही लाल झेंड्यांची दोरी बांधतो आणि लोक ती ओलांडून विचारतात, "दोरी कायले बांधली?" ही बाई मात्र दोरीबाहेरच उभी होती. म्हातारी, पाठीला वेचणीचा कापूस बांधलेला, हातात काहीतरी उंच धरलेले.

"काहो दादा, हे कोनाचं व्हय? मारुतीच्या पायाशी पडेल होतं. मले वाटलं नवसाचं हाये, पन देव हे घेऊन काय करीन?"

दिनकर तिच्याकडे आला. बिल्ला त्याचा होता. तो ओशाळून छातीवर लावू लागला आणि म्हातारीने मोर्चा माझ्याकडे वळवला. "अन् तुमच्या खांद्याले हे काय हाये पिवळं? गाण्याचा रेडू हाये का?"

आता मला कोणी असे विचारावे आणि मी दाखवू नये, हे होणे नाही. "आजी," मी म्हणालो, "हे यंत्र न दिसणाऱ्या गोष्टी सांगते. आता बघ, मुके बसते की नाही!" आणि जादूगाराच्या थाटात बटण दाबले.

मीटर किंचाळले. काटा टोकाला जाऊन चिकटला.

गोळी पेटीत नव्हती. ती नळीत, बाहेर होती, आणि दिनकर आत्ताच तिकडून आला होता. मी दोघांना हाताने मागे लोटत नेले, दोरी दुप्पट लांब नेली, वेल्डिंगच्या माणसांना हाकलले आणि आमच्या सुरक्षा अधिकारी मॅडमना फोन लावला. या गडबडीत म्हातारी केव्हा गेली कळले नाही.

"दिनकर, किती जवळ गेला होतास?"

तो स्वतःच्या पंजांकडे पाहत होता. "पाइपाले हात लावला भाऊजी. थंडगार लागला. लावला वाटते."

मॅडम यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी मारुतीला काय काय देऊ केले ते इथे लिहीत नाही, देवालाही लाज वाटेल. नळीला हात लागला असेल तर आज काहीच दिसणार नाही. काही दिवसांनी बोटे लाल होतील, फोड येतील, पुढे काय होईल ते मी प्रशिक्षणात फोटोंमध्ये पाहिले होते. सुनंदाच्या भावाची बोटे. एक मोहही होता, तोही कबूल करतो. मीटर सुरूच होते, दिनकरनेच घाई केली, असे सांगता आले असते. विचारणारे कोणी नव्हते. देवळाकडे पाहिले. लांबून फक्त शेंदूर दिसत होता. मॅडम जीपमधून उतरल्या आणि मी एका दमात सगळे सांगून टाकले, व्याह्याच्या गोष्टीसकट. त्या एवढेच म्हणाल्या, "बरं झालं खरं सांगितलंत. आता मला नीट ठरवता येईल."

मग मी त्यांचे आणि जीपमधून त्यांच्यासोबत आलेल्या माणसांचे काम पाहिले. धावपळ नाही, आरडाओरड नाही. प्रत्येकाने किती सेकंद जवळ जायचे ते आधीच ठरलेले, हातात घड्याळ. एकाने लांब चिमट्याने, किरणे अडावीत म्हणून, शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या नळीवर नेऊन ठेवल्या आणि परत फिरला. दुसऱ्याने जाऊन नळीवर घसरलेला दगड लांब दांड्याने सारला, तिथे नळी दबली होती. मग हँडल फिरले, या वेळी फेरे मोठ्याने मोजत. मीटर शांत झाले. मी खाली बसलो.

तोपर्यंत दिनकर एकटा पडला होता. वेल्डिंगची माणसे त्याच्यापासून वीस हात लांब. एकाने त्याची पाण्याची बाटली काडीने ढकलून दिली होती. मॅडमनी मीटर त्याच्या डोक्यापासून बुटांपर्यंत फिरवले, मुद्दाम सगळ्यांदेखत. मीटर गप्प. "गोळी फुटलेली नाही, पेटीत अख्खी आहे. उन्हात उभा राहिलेला माणूस सावलीत आल्यावर दुसऱ्याला चटका देतो का?" त्यांनी विचारले. मग त्याच्या डब्यातली अर्धी भाकर तोडून ठेच्याला लावली आणि तिथेच बसून खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले तरी थांबल्या नाहीत. ते पाहून एक वेल्डर पुढे आला, मग दुसरा.

राहिला प्रश्न हातांचा. बिल्ला त्या वेळी मारुतीपाशी होता, तो काय सांगणार? मॅडम दिनकरला घेऊन दोरीपासून चालू लागल्या. सकाळी पाइपात पाणी भरून पाहिले होते, ते गळून काळी माती ओली झाली होती. दिनकरच्या बुटांचे ठसे सरळ पाइपाकडे गेले होते आणि पाइपाच्या बारा पावले अलीकडे वळले होते. त्यापुढे सातव्या जोडापाशी त्याच्या बुटांचा एकही ठसा नव्हता; तिथे फिल्म लावायला मीच गेलो होतो. थंडगार पाइप त्याने सहाव्या जोडाला धरला होता. भीतीने तो सातव्याला नेऊन चिकटवला. बारा पावले उरली असताना त्याला हाक ऐकू आली होती.

तरीही रक्ततपासणी झाली, हातांवर काही आठवडे नजर ठेवली. काही निघाले नाही. मला काही महिने कामावरून दूर ठेवून पुन्हा प्रशिक्षणाला बसवले, ते योग्यच झाले. म्हातारीसाठी लुगडे घेऊन मी गावात गेलो. "कोनती बाई? वेचणीले पन्नास बाया येतात," लोक म्हणाले. लुगडे शेवटी देवळात ठेवले. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. इतकेच जाणतो की मी जे विसरलो ते कोणीतरी उचलून माझ्यामागे आणून दिले.

गेल्या शनिवारी आम्ही तिघे त्या देवळात गेलो. मी सुनंदासमोर हात जोडून, आवाज खाली आणून म्हणालो की आता मी सगळा भार मारुतीवर सोडला आहे. डोळे मिटले. प्रसंग फार भारावलेला होता. तेवढ्यात मागून दिनकर बोलून गेला, "सोडा ना भाऊजी, पन मीटर चालू ठेवून सोडा!"