जुन्या टॅबचा काउंटर

"सून लाखात एक हाय हो. पन दुकानात बसवून काय फायदा? गिऱ्हाईक काय नुसतं सामान घ्याले येते? दोन शब्द बोलाले येते. दिवाळीपर्यंत बसू द्या, मंग एखादी बोलकी पोट्टी पाहून घ्या."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. पांढुर्ण्यात आमचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. त्याच्या मागच्या गोदामात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी बोलत होत्या. मी पडद्याच्या अलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी. लग्न नुकतंच झालेलं, आणि काउंटरवर बसायला लागून जेमतेम आठवडा.

मामाजी म्हणाले, "पाहू." त्यांचं 'पाहू' बहुतेक वेळा 'हो' असतं, एवढं मला तोपर्यंत कळलं होतं.

मी आत जाऊन चहा दिला. बोलले काहीच नाही. तिथे बोलले असते तर आत्याबाईंचं म्हणणं जागच्या जागी खोटं ठरलं असतं, हे मला दोन दिवसांनी सुचलं!

खरं सांगायचं तर मला काउंटरवरची ती खुर्ची हवी होती. माहेरी सौसरला मी खिडकीत बसून रस्ता पाहत राहायची, तर आई विचारायची, काय पाहून राहिली? काउंटरवर दिवसभर माणसं पाहायला मिळतात आणि कोणी काही विचारत नाही. शिवाय बोलणाऱ्याचे किस्से तिथल्या तिथे खर्च होऊन जातात. न बोलणाऱ्याकडे ते साचत राहतात. माझ्याकडे आता इतके साचले आहेत की ठेवायला जागा नाही.

*

आमची स्कीम साधी आहे. जुना टॅब आणा, दुकानाचं गिफ्ट कार्ड न्या. कार्डावर मिक्सर घ्या, पंखा घ्या, काहीही घ्या. ऑनलाइन शाळेच्या काळात घरोघरी टॅब आले होते. मग पोरं शाळेत परत गेली आणि टॅब कपाटावर गेले. ते सगळे आता आमच्या काउंटरवर उतरतात आणि पुढे नागपूरला जातात.

साधी नाही ती मामाजींची पद्धत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं. चहा द्यायचा. मग म्हणायचं, "एक डाव सारं पाहून घ्या." फोटो, गाणी, पोरांचे नाच, सगळं. त्यानंतर तपासणी. स्पीकर तपासायला दुकानातलं गाणं लावायचं नाही. मालकानं टॅबमध्ये जे ठेवलं असेल ते त्यानंच लावायचं. माइकसाठी मालकानंच दोन शब्द बोलायचे. आणि शेवटी सगळं पुसायचं बटणही मालकानंच दाबायचं. तोपर्यंत आमच्यापैकी कोणी टॅबला बोट लावायचं नाही.

माझा नवरा निखिल याला फार वैतागायचा. नागपूरच्या दुकानात हे चहा थंड व्हायच्या आत उरकतं, असं त्यानं एकदा ऐकवलं.

मामाजी शांतपणे म्हणाले, "नागपूरले लोक टॅब विकते. इथं घरातलं कोनी जाऊन राहिलं असते. थोडा टाइम लागनच ना."

त्या दिवसापासून स्टूल निखिलच सरकवून देतो.

*

"दोन शब्द बोला" म्हटलं की भले भले अडखळतात. इतका वेळ अखंड बोलणारा माणूस माइक म्हटल्याबरोबर लाजतो. बहुतेक जण हॅलो हॅलो करतात. एका काकांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तहसील असं सगळं सांगितलं आणि वर हातही जोडले.

सौसरच्या एक निवृत्त बाई आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. त्यांना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी जुन्या एका वर्गाची हजेरी घ्यायला सुरुवात केली. सगळी नावं पाठ! चार-पाच नावं झाली असतील, तेवढ्यात मागे कूलर पाहत उभा असलेला, टक्कल पडलेला एक माणूस एकदम ताठ झाला.

"हजर, बाई!"

बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अजून मागंच उभा राहते का तू?" म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं.

*

मोहगावचे एक काका-काकू आले. टॅबला सुतळी गुंडाळलेली, पाठीवर संत्र्याचं वाळलेलं पान चिकटलेलं. काकूंना कार्डावर मिक्सर हवा होता, काकांना शेतात न्यायचा मोठा टॉर्च. भांडण बसमधूनच सुरू झालेलं असावं.

स्पीकर तपासायची वेळ आली तसे काका चुळबुळू लागले. स्पीकर चांगलाच हाय, राहू द्या, असं तीनतीनदा सांगून पाहिलं. मामाजी नुसते हसले. शेवटी काकांनी डोळे मिटून बोट ठेवलं.

"हाऽऽट! मुडद्या, पुन्हा आला का रे! थांब, तंगडीच तोडून ठेवतो तुही!"

समोरच्या चप्पलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाहू लागला. आवाज काकूंचा होता, यात शंका नव्हती. काकू तर माझ्यासमोर तोंड मिटून बसलेल्या!

मग काकांना सांगावंच लागलं. संत्र्याच्या वाडीत माकडं येत. फटाके झाले, बुजगावणं झालं, माकडं ऐकेनात. एकदा काकू शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याला हाकलत होत्या, ते काकांनी गुपचूप रेकॉर्ड केलं, टॅब झाडाला बांधला आणि दिवसभर लावून ठेवला. "माकडं तं सोडा, रानडुकरं बी फिरकत नाही," हे सांगताना त्यांना अभिमान लपवता आला नाही.

काकूंनी थोडा वेळ टॅबकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "मंग आतापर्यंत वाडीची राखन कोनं केली?"

काका उठले आणि मिक्सरचा डबा उचलून काउंटरवर आणून ठेवला.

*

एक तरुण जोडपं टॅब बदलायला आलं. तक्रार एकच, कॅमेरा पहिल्या दिवसापासून खराब. सगळे फोटो केशरी. बारशाचे फोटो केशरी, वास्तूचे केशरी, पोराचं पहिलं पाऊल तेही केशरी.

मामाजींनी टॅब हातात न घेता मान वाकडी करून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहिलं. नवी वस्तू आधी जामसावळीच्या मारुतीला दाखवून मगच वापरायची, ही इकडची रीत. टॅब घेतला तेव्हा हेही दोघं गेले होते. नवऱ्यानं देवाचा शेंदूर भक्तिभावानं टॅबला लावला, आणि नेमका भिंगावर!

दुसरा कोणी असता तर हसला असता. मामाजींनी आधी हात जोडले. मग मालकाकडूनच तेलाच्या बोटानं शेंदूर सोडवला, कापसानं पुसून घ्यायला लावला, आणि तो कापूस कागदात नीट बांधून त्याच्या हातात दिला. पुन्हा जाल तेव्हा तिथंच नेऊन ठेवा, म्हणाले.

नवऱ्यानं बायकोचा फोटो काढून पाहिला. बायकोनंही पाहिला. हिरवी साडी हिरवी दिसत होती.

"मंग आता हा कायले देऊ?" असं म्हणून दोघं टॅब घेऊन निघून गेले. चहा पिऊन.

निखिल म्हणाला, "गेलं गिऱ्हाईक." मामाजी म्हणाले, "टॅब गेला. गिऱ्हाईक येते परत."

*

आता आत्याबाईंचा किस्सा. तो न सांगणं हा अन्याय होईल.

एका गृहस्थाला भाचीच्या लग्नात आहेर करायला कार्ड हवं होतं. घरातले दोन जुने टॅब त्यासाठीच आणलेले. कार्ड हातात घेऊन त्यांनी आकडा पाहिला आणि परत ठेवलं. "शून्यावर संपून राहिलं. असा आहेर कोनी करते का?" वरचा एक रुपया पाहिजेच. निखिलनं पुष्कळ समजावलं की कॉम्प्युटर वरचा रुपया घेत नाही. गृहस्थ उठले.

आत्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला, कमरेच्या बटव्यातून एक रुपयाचं नाणं काढलं, कार्डावर ठेवलं, पूजेच्या लाल धाग्यानं दोन वेढे देऊन बांधलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. "घ्या. झाला ना आहेर?"

त्या वर्षीच्या लग्नसराईत गावात सगळे 'रुपयावालं कार्ड' मागू लागले. कार्ड छापून देणाऱ्या नागपूरच्या माणसापर्यंत ही गोष्ट गेली. त्यानं फोन करून निखिलला विचारलं की तुमच्याकडे वरचा रुपया कसा काय चढतो, कोणतं सॉफ्टवेअर आहे?

निखिल म्हणाला, "आई."

असं ज्यांना उभ्या उभ्या सुचतं, त्या बाईंनी मला काउंटरवरून उठवायचं ठरवलं होतं. आणि मला त्यांचा धड रागही येत नव्हता, ही माझी खरी अडचण!

*

दिवाळी जवळ आली. निखिलनं एकदा चाचरत सांगितलं की बाबांनी एका मुलीला दिवाळीनंतर यायला सांगून ठेवलंय. फार बोलकी आहे म्हणे. "तू एकदा आईशी बोल ना," म्हणाला.

तेच तर जमत नव्हतं.

त्याच आठवड्यात लोधीखेड्याचे एक भाऊ आले. जमिनीच्या दलालीत मुरलेले, बोलण्यात कोणाला हार न जाणारे. मामाजी बँकेत गेलेले, निखिल पंखा बसवायला. काउंटरवर मी एकटी.

"वहिनी, एकदम नवा माल हाय. कधी हातातून पडला नाही."

मला विचारायचं होतं की मग कोपरा कसा चेपला. पण नेमके शब्द जुळवत होते, म्हणून नुसतं कोपऱ्याकडे पाहत राहिले.

"मतलब, एक डाव पडला. गादीवर."

मी शब्द जुळवतच होते.

"गादीवरून खाली पडला, तसा."

आता मला वाटलं, यांना अजून काही सांगायचं असेल, मध्ये कशाला बोला.

"पान्यात नाही पडला पन!" मग स्वतःच, "थोडासा. टाक्यात. लगेच काढला. बॅटरी फुगली थे त्याच्यानं नाही." मग कपाळ पुसून, "वहिनी, तुम्ही खूप भाव करता बा. द्या, जे बसते थे द्या."

मी तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. कार्ड करून दिलं. भाऊंनी जाताना मला नमस्कार केला.

ते गेल्यावर मी मागे पाहिलं. गोदामाच्या पडद्याखाली आत्याबाईंच्या चपला दिसत होत्या. आत पाय होते. जरा वेळानं त्या हलक्या पावलानं मागच्या दारानं निघून गेल्या.



*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आत्याबाई स्वतःचा टॅब घेऊन दुकानात आल्या. त्यांना नवा हवा होता, आणि मालकीणबाई म्हणून नाही, रीतसर गिऱ्हाईक म्हणून. स्टुलावर बसल्या, चहा मागितला, साखर कमी म्हणून परत पाठवला.

मामाजी म्हणाले, "बेटा, तूच कर तपासणी. नियम साऱ्यांले सारखा."

त्यांची मुलगी रेखाताई नागपूरला असते. लिहायचा कंटाळा म्हणून आत्याबाई तिला दिवसभर बोलून निरोप पाठवतात. स्पीकरसाठी रेखाताईनं पाठवलेलं भजन लावते म्हणाल्या. चष्मा घरी राहिला होता. बोट ठेवलं.

"अवं रेखा, सून लाखात एक हाय, पन तोंडच उघडत नाही. म्या तुह्या बाबाले सांगतलं, दिवाळीनंतर बोलकी पोट्टी पाहा…"

मामाजी पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता. निखिल एका मिक्सरवरचं किमतीचं स्टिकर नखानं खरवडू लागला.

माझं बोट पुढे गेलं होतं. पण पद्धत म्हणजे पद्धत. मालकाच्या टॅबला आपण हात लावायचा नाही.

आत्याबाईंनी घाईघाईनं ते बंद करायला बोट मारलं, आणि खालचा दुसरा निरोप सुरू झाला.

"आयक ना, थे पोट्टीचं आता राहू दे. लोधीखेड्याच्या त्या दलालाले हिनं तोंड न उघडता लोळवलं, म्या पडद्यामांगून पाह्यलं. आपल्या घरात बोलनारे सारेच हाय वं, आयकनारी हे एकच. बाबाले सांगतो मी, हिलेच बसवा म्हनून. पन तू हिले सांगू नको, डोक्यावर बसन."

निरोप संपला. आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या, मामाजी पाहत होते, निखिलच्या नखाला स्टिकर चिकटून राहिलं होतं.

मी खुर्ची पुढे ओढून नीट बसले.

"स्पीकर चांगला आहे, आत्याबाई," मी म्हणाले. "आता माइक पाहू. दोन शब्द बोला."